मातीच्या घोड्याखालची चिठ्ठी

रिटायर होऊन चार महिने झाले होते. गंजलेला कूलर विकायचा होता. कबाड्याला घरी बोलावता आलं असतं, पण घरात बसवत नव्हतं, म्हणून कूलर ऑटोत टाकून मी स्वतःच कांचघरला त्याच्या दुकानात गेले. पस्तीस वर्षं रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात काढलेली बाई मी. ट्रेसर म्हणून लागले, ड्राफ्ट्समन म्हणून निघाले. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी पुण्यात. सकाळी साडेनऊ वाजले की माझे पाय आपोआप दाराकडे वळायचे आणि मग तिथेच थांबायचे.

कबाड्याने कूलर वजनावर टाकला आणि म्हणाला, "दीदी, आप तो पढ़ी-लिखी हो. ये फोटू देखो. छावनी का बंगला टूटा ना, उसका माल है."

जाड पुठ्ठ्याचा अल्बम होता. कोपरे वाळवीने खाल्लेले. मी उभ्याउभ्याच चाळला. हॅट घातलेला एक मिशाळ गोरा साहेब, त्याच्यापुढे टेबल, टेबलावर मातीचा घोडा. पुढच्या पानावर उंट. मग तीन पायांचं काशाचं भांडं. प्रत्येक फोटोखाली पांढऱ्या शाईने इंग्रजीत एक ओळ लिहिलेली आणि तिच्याखाली एक अरुंद कागदी चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठीवर ब्रशने काढलेली चिनी अक्षरं.

मी तो अल्बम ठेवून दिला असता. पण मागच्या कव्हरच्या आत घडी घातलेलं कापड होतं. निळसर, गुळगुळीत, खळ दिलेलं. त्याला हात लावला आणि मी जागची हलले नाही. ते ट्रेसिंगचं, म्हणजे नकाशे गिरवायचं कापड होतं. माझे बाबाही रेल्वेतच होते. ऑफिसातून बाद झालेले असे तुकडे ते घरी आणायचे आणि आई ते उकळून, खळ काढून, आमच्यासाठी रुमाल शिवायची. ते कापड मी डोळे मिटूनही ओळखलं असतं. घडी उलगडली. आत रेल्वेलाईनचा नकाशा होता आणि त्याच्याखाली जमिनीचा चढउतार दाखवणारा सेक्शन.

अल्बम घेऊन घरी आले.

पहिल्या पानावर साहेबाने आपली ओळख लिहिली होती. चिनी सरकारचा रेल्वे सल्लागार. त्या काळात चीनच्या बादशाहीचे शेवटचे दिवस चालले होते. रेल्वे, बंदरं, फौजा, सगळ्यासाठी दरबाराने युरोपातून सल्लागार ठेवले होते. त्यांच्यातल्या पुष्कळांना जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि ते परत गेले तेव्हा त्यांच्याबरोबर पेट्याच्या पेट्या गेल्या. हे मी नंतर वाचलं; हा अल्बम इथल्या छावणीत कसा पोहोचला, ते मात्र अजून कळलेलं नाही. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की घोड्याखाली इंग्रजीत लिहिलंय, 'पेकिंगच्या बाजारात खरेदी', आणि फोटोत टेबलामागे बाजार नाहीच. मागे ताज्या खोदलेल्या मातीची उभी भिंत होती. भिंतीवर पहारींचे वण, पायथ्याशी टोपल्या. रेल्वेसाठी टेकडी कापतात तेव्हा अशीच भिंत उभी राहते. त्याला आम्ही कटिंग म्हणतो. असल्या कटिंगांचे नकाशे काढण्यात माझं आयुष्य गेलं.

म्हणजे साहेब खोटं लिहीत होता. मग खालच्या चिठ्ठीत काय होतं?

शहरातल्या इतिहासाच्या एका रिटायर्ड प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी चहा दिला, अल्बम पाहिला, आपुलकीने बोलले. "मॅडम, चीनचं इथे कोण वाचणार? गोंडवान्यावर काही करा. मी पुस्तकं देतो."

"पण सर, ह्या चिठ्ठ्या..."

"लेबलं असतील. घोड्याखाली घोडा लिहिलं असेल."

असेलही. पण घोड्याखाली घोडा लिहायला अठरा अक्षरं लागत नाहीत.

मुलीला फोन केला. ती मराठी समजते सगळं, बोलताना मात्र गाडी हिंदीवर जाते. "आई, तू काय करून राहिली? चायनीज़ शिकशील? इस उमर में?"

"काहून नाही?" मी म्हटलं.

ती हसली. पण दुसऱ्याच दिवशी तिने फोनवर चिनी शिकवणारं ॲप कसं टाकायचं ते सांगितलं.

शहरात चपलांचं एक जुनं दुकान आहे. मालकीण चिनी वंशाची, तिच्या आजोबांपासून इथली. शाळेचे बूट आम्ही तिथूनच घ्यायचो. माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठी. सगळे तिला आंटी म्हणतात, मी दीदी म्हणते. वाटलं, हिला वाचता येत असेल. तिने अल्बम काउंटरवर ठेवला, चष्मा पुसला आणि चिठ्ठीवर बोट फिरवलं.

"मुझे नहीं आता," ती म्हणाली. "बोलना थोड़ा आता है, घर का. पढ़ना नहीं."

मग तिने सांगितलं. बासष्टच्या लढाईनंतर तिच्या वडिलांनी घरातली सगळी चिनी पुस्तकं अंगणात पुरली. ती तेव्हा लहान होती. पोलीस आले तर सापडायला नको, म्हणून. तिला हिंदी शाळेत घातलं आणि पुढे घरात कोणी वाचायला शिकवलं नाही. बोलता बोलता तिचं बोट पुन्हा चिठ्ठीवर गेलं आणि एका अक्षरावर थांबलं.

"ये घोड़ा है," ती म्हणाली. "ये मुझे आता है."

वडिलांचा चिनी बुद्धिबळाचा डाव तेवढा घरात उरला होता. तो खेळ होता, त्यामुळे पुरला नव्हता. त्या डावात घोडे, हत्ती यांच्या बाहुल्या नसतात. लाकडाच्या गोल चकत्या असतात आणि चकतीवर मोहऱ्याचं नाव कोरलेलं असतं. घोडा, रथ, हत्ती, तोफ. तेवढी सातआठ अक्षरं तिला येत होती.

"दीदी, आपण दोघी शिकू," मी म्हटलं.

"मैं अड़सठ की हूँ."

"मग लवकर सुरू करू."

दुपारी दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात आम्ही बसायला लागलो. मी माझ्या जुन्या पेन्सिली आणि ग्राफ पेपर नेले. चौकटीत एकेक अक्षर, वीस वेळा. रेघ कुठून सुरू करायची, कुठे थांबवायची, याचेही नियम असतात. मला ते जड गेलं नाही, कारण हात त्याच शिस्तीत तयार झालेला. दीदीला उच्चार पटकन यायचे, घरातल्या बोलीशी कुठे कुठे जुळायचे. "ये तो माँ बोलती थी!" असं ती मध्येच ओरडायची आणि रस्त्यावरचे लोक वळून पाहायचे.

चार महिन्यांनी आम्हाला साडेतीनशे अक्षरं येत होती. मोठ्या हौसेने चिठ्ठ्या काढून बसलो. त्यातली दहासुद्धा ओळखता येईनात. मुलीने शोधून सांगितलं की ॲपवर शिकवतात ती अक्षरं आजची, सोपी केलेली. साहेबाच्या काळातली वेगळी, रेघांनी भरलेली. वर ती उभी लिहितात, उजवीकडून डावीकडे. आम्ही चिठ्ठ्या उलट्या बाजूने वाचत होतो.

त्या दिवशी मी दीदीकडे पाहिलं आणि दीदीने माझ्याकडे. मला वाटलं, आता ती म्हणणार, चलो, बस झालं. तिने मागच्या फळीवरून बुटांचं एक रिकामं खोकं काढलं, चार महिन्यांचे सगळे ग्राफ पेपर त्यात भरले आणि नवा कागद पुढे ओढला.

"पुराना वाला लिखो," ती म्हणाली.

पुन्हा पहिल्यापासून. मुलीने पुण्याहून जुन्या अक्षरांचा जाडजूड कोश पाठवला.

घोड्याखालच्या चिठ्ठीचा अर्थ लागायला अकरा महिने गेले. एकेका अक्षराचा अर्थ आम्ही समोरासमोर मांडला. घोडा. टेकडी. कबर. एका घराण्याचं नाव. आणि शेवटी दोन अक्षरं, नाही आणि विकत घेणे. 'विकत घेतला नाही.' ह्याचा काही मेळ लागेना. घेतला नाही तर साहेबाच्या टेबलावर तो आला कसा? आठवडाभर तिथेच अडकलो. मी म्हटलं, फुकट उचलला असा अर्थ असेल. दीदीला पटेना. एके दुपारी ती घरून बुद्धिबळाची एक काळी चकती घेऊन आली आणि चिठ्ठीतल्या शेवटच्या अक्षराच्या वर धरली.

"देखो. ऊपर ये बैठा है. हमने देखा ही नहीं."

चकतीवर जे अक्षर होतं तेच, बारीक, त्या अक्षराच्या डोक्यावर होतं. आम्ही ती शाईची सांडलेली रेघ समजलो होतो. कोश उघडला. विकत घेणे ह्या अक्षरावर तेवढी एक खूण चढवली की त्याचं होतं विकणे. चिठ्ठी म्हणत होती, विकला नाही. विकायचा नव्हता.

"हे कोणतं मोहरं आहे?" मी चकतीकडे बोट दाखवून विचारलं.

"राजा के बाजू में खड़ा रहता है. उसका सलाहकार."

आमचा साहेबही सल्लागारच होता. आम्ही दोघी हसलो. मी पूर्ण वाक्य मराठीत लिहिलं. 'घोडा. टेकडीवरच्या कबरीतून निघाला. अमुक घराण्याच्या पूर्वजाचा. विकायचा नव्हता.' त्या घराण्याचं नाव मी इथे देत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

हे लिहिणारा माणूस कोण, ते कुठेच नाही. साहेबाचा चिनी कारकून असावा, फोटो चिकटवायचं काम त्याच्याकडे असावं. साहेबाला चिनी वाचता येत नसणार. आपल्याच इंग्रजी ओळीचं ते भाषांतर आहे असं त्याला वाटलं असेल. त्या कारकुनाने साहेबाच्याच अल्बममध्ये, साहेबाच्याच डिंकाने, एकेक वस्तू कोणाची ते लिहून ठेवलं. एकोणीस फोटो, एकोणीस चिठ्ठ्या. मी पस्तीस वर्षं साहेबांच्या हाताखाली काम केलं. नकाशावर सही त्यांची असते. रेघ ओढणाऱ्याला खरं माहीत असतं. त्या कारकुनाचं लिहिणं मी अर्धवट सोडणार नव्हते.

त्यानंतर वेग आला. उंट लागला, भांडं लागलं. नवव्या चिठ्ठीत वस्तूच नव्हती. त्यात होतं, 'गावाने नदीकाठची वाट दाखवली. मोठे साहेब टेकडीतून गेले.'

आता मात्र काम माझ्या हातातलं होतं. मी ट्रेसिंगचं कापड खिडकीच्या काचेवर लावलं. शाईची रेघ टेकडीतून जात होती. पण उजेडात दुसरी दिसली, पेन्सिलची, खोडलेली, नदीच्या कडेने. कापडावरची पेन्सिल कधीच पूर्ण जात नाही, हे कुठल्याही ट्रेसरला विचारा.

दीदी म्हणाली, "मुझे तो दोनों लकीर एक जैसी लगती हैं."

म्हणून तिला शहराबाहेर पनागरकडे घेऊन गेले. मटाराच्या शेतांच्या कडेने चालत लाईनजवळ उभ्या राहिलो. रूळ लांबवर सरळ जातात आणि मग वळतात.

"ये मुड़ी क्यों?" तिने विचारलं.

"विनाकारण लाईन वळत नाही, दीदी. पुढे तळं आहे बघा. तळं चुकवायचं असेल, चढ कमी करायचा असेल, पूर टाळायचा असेल तर वळवतात. टेकडी कापणं सगळ्यात महागाचं काम. दुसरी वाट असली की कोणी कापत नाही."

मग घरी येऊन सेक्शनवरचे आकडे घेऊन बसले. सहा दिवस लागले. मला घाई करायची नव्हती. नदीला पूर येत असेल आणि साहेब बिचारा त्यासाठी टेकडीवर गेला असेल, तर तेही लिहायला हवं. पण साहेबानेच सेक्शनवर पुराची सर्वात उंच पातळी आखली होती आणि खोडलेली रेघ तिच्या वर होती, चांगली पुरुषभर. चढही कमी होता. नदीकाठची वाट लाईनला सोपी होती. टेकडीत कबरी होत्या हे साहेबाला आधी माहीत होतं का, हे नकाशा सांगत नाही. मी माझ्या टिपणात तसंच लिहिलं. टेकडी कापायची गरज नव्हती, एवढंच मी सही करून सांगू शकते.

मुलीने इंटरनेटवर शोधून चीनमधल्या एका विद्यापीठात शिकवणाऱ्या बाईंचा पत्ता काढला. आम्ही चौदा चिठ्ठ्यांचे फोटो आणि आमचे अर्थ पाठवले. राहिलेल्या पाच इतक्या पळत्या हाताने लिहिल्या होत्या की आमच्या आवाक्याबाहेर होत्या. आठवड्याने उत्तर आलं. त्यांनी तीन ठिकाणी आमच्या चुका दुरुस्त केल्या आणि शेवटी विचारलं, तुम्ही दोघी कोणत्या संस्थेत आहात?

"लिखो," दीदी म्हणाली, "चप्पल की दुकान."

मी तसंच लिहिलं.

त्या बाईंनीच सांगितलं की मातीचा घोडा आज युरोपातल्या एका संग्रहालयात आहे. त्यांच्या यादीत अजूनही साहेबाचंच वाक्य होतं, पेकिंगच्या बाजारात खरेदी. मी पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, आभारी आहोत, नोंद घेतली. यादी तशीच. दोन महिन्यांनी दुसरं पत्र लिहिलं, कटिंगच्या भिंतीवर पहारीच्या खुणा कशा पडतात त्याचं ड्रॉइंग जोडलं. उत्तर नाही. तिसऱ्या पत्राबरोबर पूर्ण सेक्शन नव्याने ट्रेस करून पाठवला, दोन्ही रेघांसकट. मुलगी म्हणाली, "आई, सोड ना अब." मी म्हटलं, ऑफिसात एकेक नकाशा अकरा वेळा परत यायचा, मी बारावा पाठवायची.

पाचव्या पत्राला उत्तर म्हणून व्हिडिओ कॉल आला. एक तरुण बाई होती, तिथली अधिकारी. माझं इंग्रजी ऑफिसचं, तिचं वेगळ्याच वळणाचं. पण आम्हाला दोघींना ड्रॉइंग वाचता येत होतं. तिने मला फोटोतला टेबलाचा पाय दाखवायला लावला, मग सावलीची दिशा, मग चिठ्ठी. अर्ध्या तासाने ती म्हणाली, तुमचं बरोबर आहे, मी हे वरती मांडते. चार महिन्यांनी यादी बदलली. आता तिथे लिहिलंय की हा घोडा रेल्वेच्या कटिंगमध्ये एका घराण्याच्या कबरीतून निघाला आणि सोबतच्या चिनी टिपणानुसार तो विकायचा नव्हता. दीदीने ते पान दुकानाच्या कॉम्प्युटरवरून छापून घेतलं आणि काचेच्या कपाटात, नव्या सँडलींच्या शेजारी लावलं.

संग्रहालयवाल्यांनी अल्बम मागितला. सन्मानाने ठेवू म्हणाले. मी नाही म्हटलं. सगळी पानं स्कॅन करून पाठवली. मूळ अल्बम, एकोणीसही चिठ्ठ्या लागल्या की, त्या गावाजवळच्या दफ्तरखान्यात जाईल. हे मी लिहून कळवलं.

ह्या सगळ्यावर आम्ही चेरीतालच्या एका वाचनालयात बोललो. सव्वीस माणसं आली. मी नकाशा समजावला, दीदीने चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, आधी चिनीतून, मग हिंदीतून. वाचताना ती दोनदा थांबली. पाणी प्यायली आणि पुढे वाचलं. मागे बसलेल्या एका गृहस्थाने विचारलं, "इससे हमको क्या मिला?" दीदी म्हणाली, "आपको नहीं मिला. जिसका था, उसको मिला." आणि पुढची चिठ्ठी घेतली.

मागच्या हिवाळ्यात विद्यापीठातल्या बाईंना ते गाव सापडलं. जुनी लाईन उखडली गेलीय, टेकडी अर्धीच उरलीय. त्या घराण्यातले एक वृद्ध गृहस्थ तिथे अजून राहतात. आपलं नाव कुठे छापू नये असं त्यांनी कळवलं, म्हणून मी ते लिहीत नाही. घोडा परत मागायचा की नाही, ते त्यांचं घर ठरवेल. त्यांनी आम्हाला एकच विचारलं. टेकडी कापायच्या आधीचा फोटो आहे का? त्यांच्या घरात कोणी ती अख्खी पाहिलेली नाही.

अल्बममध्ये होता. दुसऱ्या पानावर, कोणतीही वस्तू नसलेला, आणि त्याची चिठ्ठीही न लागलेल्या पाचांतली, म्हणून आम्ही त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. झाडं, पायवाट, वर लहान लहान उंचवटे. मी तो स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला, दोन हात रुंद. दीदीने बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा चारी बाजूंनी लावून तो बांधला. पत्ता चिनीत तिने लिहिला, जुन्या अक्षरांत. पोस्टातल्या माणसाने तो तीन वेळा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "आंटी, ये पहुँचेगा?"

"पहुँचेगा," ती म्हणाली. "मैंने लिखा है."

पोहोचला. एकोणीस दिवसांनी फोनवर फोटो आला. आमचा कागद एका भिंतीवर लावलेला, खाली खुर्चीत एक म्हातारा, हात गुडघ्यांवर, कॅमेऱ्याकडे न पाहता वर टेकडीकडे पाहणारा.

राहिलेल्या पाचांपैकी एक चिठ्ठी ह्या महिन्यात लागली. आता चार उरल्यात. उद्या दोन वाजता बसणार आहोत.